पडद्यावरील चुका, डोक्यावरील केस

जुना चित्रपट लावायचा, नेमक्या दृश्यावर थांबायचे आणि त्यातील विसंगतीवर बोट ठेवायचे, हा हल्ली घरोघरचा खेळ झाला आहे. पौराणिक राणीच्या कोरलेल्या भुवया, शिवकालीन वाड्यात वावरणाऱ्या नायिकेचा विसाव्या शतकातील फुगीर अंबाडा, पडद्यावर नुसती ढोलकी आणि तुणतुणे दिसत असताना कोठूनशी येऊन मिळणारी व्हायोलिनची साथ, हे सारे मोबाईलच्या पडद्यावर थांबवून आणि मोठे करून पाहता येते. पूर्वी चित्रपटगृहाच्या अंधारात अशी चूक क्षणात डोळ्यांसमोरून निसटून जाई. आता ती निसटत नाही. या खेळात गैर असे काही नाही. मात्र हसून झाल्यावर जो प्रश्न उरतो तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या तंत्राच्या आधारे आपण चूक हेरतो, त्याच तंत्राच्या आधारे ती पुसूनही टाकता येऊ लागली आहे. ती पुसावी काय, पुसण्याचा अधिकार कोणाचा, आणि पुसल्यावर नेमके काय नाहीसे होते, याचा विचार आताच व्हायला हवा.

तो आताच का, हे २०२५ मधील दोन घटनांवरून ध्यानात येते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘रांझणा’ या २०१३ च्या हिंदी चित्रपटाची तमिळ आवृत्ती पुन्हा प्रदर्शित झाली. तिचा शेवट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने बदललेला होता. मूळ चित्रपटात अखेरीस मरण पावणारा नायक या आवृत्तीत जिवंत राहिला. दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष या दोघांनीही जाहीर नापसंती व्यक्त केली, पण हक्क निर्मात्या कंपनीकडे असल्याने आवृत्ती चित्रपटगृहांत लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘शोले’ नव्याने प्रदर्शित झाला. त्याचाही शेवट १९७५ साली प्रेक्षकांनी पाहिलेल्या शेवटाहून निराळा होता. मात्र येथे प्रकार नेमका उलटा होता. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने बदलायला लावलेला, ठाकूरच्या हातून गब्बरचा अंत होणारा, दिग्दर्शकाने प्रत्यक्ष चित्रित केलेला शेवट त्यात परत आणला गेला. एका ठिकाणी कधीच घडले नव्हते ते घडवले गेले, दुसऱ्या ठिकाणी घडलेले परत मिळाले. सामान्य प्रेक्षकाला मात्र दोन्ही ‘नव्या आवृत्त्या’च वाटतात. हा गोंधळ पुढे वाढतच जाणार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जुन्या संगीतपटांत या विसंगती येतात कोठून? त्यांतील कित्येक गोष्टी चुका नव्हेतच, त्या त्या काळच्या तंत्राच्या खुणा होत. बोलपटाच्या पहिल्या वर्षांत नट कॅमेऱ्यासमोर उभा राहून प्रत्यक्ष गात असे. मायक्रोफोन दृष्टीआड एका जागी ठेवलेला आणि तबला-पेटीची साथ करणारे झाडाआड किंवा खांबाआड दडलेले. नट दोन पावले पुढे सरकला तर आवाज बुडणार! त्यामुळे १९३२ च्या आसपासच्या चित्रपटांतील पात्रे गाताना खिळल्यासारखी उभी असतात. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ साली ‘धूप छांव’मध्ये पार्श्वगायनाचा प्रयोग केला आणि पुढे नटाला गाता गाता हिंडण्याफिरण्याची मोकळीक मिळाली. हे ठाऊक नसलेला आजचा प्रेक्षक त्या स्थिर नटाला ‘ठोकळा’ म्हणून मोकळा होतो.

रत्नागिरीसारख्या गावातील जुन्या रसिकाला हे फारसे समजावून सांगावे लागत नाही. संगीत नाटकांचे आणि त्यांच्या स्पर्धांचे प्रयोग ज्या गावाने येथील स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात मन लावून पाहिले, आणि ज्या गावी स्थानबद्ध असताना खुद्द सावरकरांनी १९३१ साली ‘संन्यस्त खड्ग’ हे संगीत नाटक रंगभूमीला दिले, तेथील प्रेक्षक संकेत आणि चूक यांतील भेद जाणतो. रणांगणावर निघालेला वीर थांबून ख्याल आळवतो, ‘वन्स मोअर’ आला की परत गातो, आणि कोणीही ‘हे वास्तवाला धरून नाही’ असे म्हणत नाही. हाच संकेत बोलपटाने उचलला. नाटकात जो संकेत गोड वाटतो तो चित्रपटात हास्यास्पद वाटतो, याचे कारण एवढेच, की चित्रपट खरा असतो असा आपला समज आहे.

काही विसंगती तर इतक्या बेमालूम असतात की त्या कोणाच्या लक्षातही येत नाहीत. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ हा १९३६ चा चित्रपट पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यातील एक अभंग तुकोबांचा नव्हे. तो लिहिला शांताराम आठवले यांनी, पण तो इतका साधला की भल्याभल्या जाणकारांनी तो गाथेतलाच मानला. विसाव्या शतकातील एका कवीचे शब्द सतराव्या शतकातील संताच्या मुखी घालणे ही काटेकोरपणे पाहता कालविसंगतीच. पण ती कोणी ‘दुरुस्त’ करावी असे आजही कोणाच्या मनात येणार नाही. व्ही. शांताराम यांच्या १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये तर पार्श्वसंगीतच नाही. दृश्यात जो आवाज खरोखर उपजेल तेवढाच ऐकू येतो. जरठ नवऱ्याच्या घरात कोंडमारा झालेली नायिका नीरा, म्हणजे शांता आपटे, चक्क लाँगफेलो या अमेरिकी कवीची इंग्रजी कविता गाते. नव्या प्रेक्षकाला हे खटकेल. १९३७ च्या प्रेक्षकाला मात्र त्यात शिकलेल्या मुलीचे बंड ऐकू आले होते.

विसंगतींच्या या यादीत सर्वांत वरचे स्थान केसांचे आहे. वेशभूषाकार नऊवारी आणू शकतो, कलादिग्दर्शक वाडा उभारू शकतो, पण नटीच्या डोक्यावरचे केस तिच्या स्वतःच्या काळातले असतात आणि ते सोडायला ती सहसा तयार नसते. प्रेक्षकही तिला त्याच रूपात पाहायला आलेला असतो. परिणामी कथा कोणत्याही शतकातली असो, केस चित्रीकरणाच्या सालातले राहतात. ‘मुगल-ए-आझम’मधील रूपसज्जा अकबराच्या दरबारापेक्षा १९५०-६० च्या मुंबईविषयी अधिक सांगते. कथेच्या दृष्टीने ही चूक. इतिहासाच्या दृष्टीने हा पुरावा.

केसांचा हा हट्ट भारतीय चित्रपटाच्या जन्माइतकाच जुना आहे. दादासाहेब फाळके यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. अखेर अण्णा साळुंके या पुरुष नटाला ती भूमिका देण्यात आली. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांना मिशी उतरवण्यास राजी करणे हे फाळक्यांपुढचे मोठेच संकट होते, कारण वडील हयात असताना मिशी काढणे अशुभ मानले जाई. पडद्यावर काही दिसण्याआधीच केसांनी असा अडसर घातला होता.

रंगभूमीवर याच्या उलट चित्र होते. नारायणराव राजहंस तथा बालगंधर्व यांच्या भामिनीने १९११ पासून महाराष्ट्राला वेड लावले. त्यांची साडी नेसण्याची ढब, खोपा, त्यावर माळलेला गजरा, यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या. एका पुरुषाच्या डोक्यावरची केशरचना हा मराठी स्त्रीच्या सौंदर्याचा मानदंड ठरला, याहून मोठी विसंगती कोणती? तरीही ती चूक ठरली नाही, फॅशन ठरली. हेच बालगंधर्व १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ म्हणून पुरुषवेशात कॅमेऱ्यासमोर आले, तेव्हा रंगमंचावरची ती जादू पडद्यावर अवतरली नाही. नाटकातल्या दिव्यांनी जे झाकले आणि खुलवले, ते कॅमेऱ्याने तसे केले नाही.

त्यानंतरच्या केसांच्या लाटा अनेकांच्या आठवणीतल्या आहेत. १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’मध्ये साधनाचे रुंद कपाळ झाकण्यासाठी हॉलीवूडच्या ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर पुढे बटा कापल्या गेल्या आणि ‘साधना कट’ शहरोशहरी पोहोचला. २००३ मध्ये ‘तेरे नाम’ आला आणि मधोमध भांग पाडून दोन्ही बाजूंनी कपाळावर केस सोडलेल्या मुलांचे थवे नाक्यानाक्यावर दिसू लागले. २००६ मध्ये लाहोरला सामन्यानंतर पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांनी महेंद्रसिंग धोनीला लांब केस कापू नकोस असे सांगितले. २००८ च्या अखेरीस ‘गजनी’ने हीच केसांची लाट वस्तऱ्यापर्यंत आणून सोडली. रत्नागिरीत रामआळीपासून मारुती मंदिरापर्यंतच्या सलूनांमध्ये, राज्यातील अन्य कोणत्याही गावाप्रमाणेच, या लाटा येऊन गेल्या. शाळा उघडल्यावर मुलांच्या डोक्यांकडे पाहून कपाळाला आठ्या घालणारे शिक्षकही प्रत्येक पिढीला लाभले. या लाटांचा उपयोग असा, की घरातील जुन्या छायाचित्रामागे तारीख लिहिलेली नसली तरी वरातीतील आत्याच्या कपाळावरच्या बटा तिचे दशक सांगून जातात.

ही सारी उथळ बाब आहे, केसांत एवढे काय, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. दापोली तालुक्यातील पालगड हे साने गुरुजींचे गाव. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त एक प्रसंग केसांचाच आहे. दापोलीला शिकायला राहिलेला श्याम डोक्यावर केस राखून घरी येतो. वडिलांना ते रुचत नाही. केसांत कसला आला आहे धर्म, असा श्यामचा प्रश्न असतो आणि आई त्याची समजूत घालते. विसाव्या शतकाच्या आरंभी कोकणातील एका मुलाच्या डोक्यावर वाढलेले केस म्हणजे बाप आणि मुलगा, जुने आणि नवे यांच्यामधला तंटा होता. आज सलूनमधून रंगवलेले केस घेऊन घरी परतणारा मुलगा आणि त्याचा बाप यांच्यातही तोच तंटा चालू असतो, फक्त समजूत घालणारी भाषा बदलली आहे.

त्याच तालुक्यातील मुरूडला हा प्रश्न अधिक कठोर रूपात उभा होता. मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. तो काळ असा, की विधवेच्या डोक्यावर केस असणे हाच अपराध होता. १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला, ही घटना महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात नोंदलेली आहे. कात्री खाली ठेवणे हीच ज्यांची सामाजिक कृती ठरली, त्यांच्या व्यवसायाला केवळ फॅशनचा व्यवसाय समजणे हे आपले अज्ञान होय. याच तालुक्यात जन्मलेले रँग्लर र. पु. परांजपे, त्यांची कन्या शकुंतला परांजपे यांनी ‘कुंकू’त सुशीलेची भूमिका केली. जरठ बापाला खडे बोल सुनावणारी ही सुशिक्षित मुलगी पडद्यावर येईपर्यंत मुरूडच्या त्या बहिष्काराला जेमतेम ४४ वर्षे झाली होती.

आता जुन्या चित्रपटात एखाद्या सोवळ्या स्त्रीच्या पदराखालून केसांची रेघ डोकावली की आपण हसतो, ‘टोप नीट बसवला नाही’ म्हणतो. त्या रेघेत अभिनेत्रीने आपले केस उतरवले नाहीत, हे नोंदलेले असते. तिच्या आजीला जो पर्याय नव्हता तो तिला होता, एवढे त्यात वाचता येते. ती रेघ पुसली तर दृश्य निर्दोष होईल आणि हा पुरावा जाईल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सरकारने व्हेरोनिका लेक या नटीला एका डोळ्यावर रुळणारी आपली प्रसिद्ध बट मागे घेण्याची विनंती केली, कारण तिचे अनुकरण करणाऱ्या कामगार स्त्रियांचे केस यंत्रांत अडकण्याचा धोका होता. तिच्या युद्धपूर्व आणि युद्धकालीन चित्रपटांतील केसांचा फरक हा त्या देशाच्या कामगार इतिहासाचा भाग आहे. उद्या कोणी सगळीकडे एकसारखी बट बसवून दिली तर तो इतिहास त्या चित्रपटांतून वाचता येणार नाही.

असा फेरफार करण्यास मुभा किती आहे, हे प्रताधिकार कायदा सांगतो. आपल्याकडे चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो, आणि कायद्याच्या दृष्टीने चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे. राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ हा चित्रपट १९६४ चा. त्याचे नायक डॉ. काशिनाथ घाणेकर हे याच जिल्ह्यातील चिपळूणचे. पुढे १९६६ साली त्यावरूनच साधनाचा ‘मेरा साया’ निघाला. या हिशेबाने ‘पाठलाग’वरील प्रताधिकार २०२४ च्या अखेरीस संपला. गीतांचा हिशेब मात्र निराळा आहे. तेथे कवी आणि संगीतकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे मोजतात. ‘पाठलाग’चे गीतकार ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांच्या शब्दांना २०३७ च्या अखेरपर्यंत संरक्षण आहे. म्हणजे प्रताधिकारापुरते बोलायचे तर, गाण्यातील शब्द कोणाला परवानगीवाचून वापरता येणार नाहीत, पण ज्या दृश्यात ते गायले गेले त्यातील नायिकेचे केस कोणीही बदलू शकेल. १९३६ चा ‘संत तुकाराम’, १९३७ चा ‘कुंकू’ आणि आचार्य अत्रे यांचा १९५३ चा ‘श्यामची आई’ तर केव्हाच या मोकळ्या रानात आलेले आहेत. ज्या चित्रपटाला १९५४ साली पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, त्याची स्थिती ही आहे.

याचा अर्थ जुन्या चित्रपटांना हातच लावू नये असा नाही. ‘मुगल-ए-आझम’ २००४ मध्ये पूर्ण रंगीत होऊन आला तेव्हा तो नव्या पिढीने चित्रपटगृहात जाऊन पाहिला, हे मान्य केले पाहिजे. शिवाय मूळ फिती नष्ट होत आहेत, ही याहूनही मोठी आपत्ती आहे. ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत नायट्रेटच्या जुन्या फिती जळून गेल्या. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर बरेच काही आधीच गेले होते. ज्या फिती उरल्या त्यांची डागडुजी, ओरखडे काढणे, आवाज स्वच्छ करणे हे पुण्यकर्मच आहे. प्रश्न सीमारेषेचा आहे आणि ती आखणे वाटते तितके अवघड नाही. फितीवर नंतर पडलेला ओरखडा हा काळाने केलेला उपद्रव होय. नायिकेचा अंबाडा हा चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेऱ्यासमोर होता. ओरखडा काढावा, अंबाडा राहू द्यावा. रंग भरायचाच असेल किंवा शेवट बदलायचाच असेल तर ती निराळी कलाकृती आहे असे पडद्यावर ठळकपणे लिहावे, कोणी आणि कधी बदलले ते सांगावे, आणि मूळ आवृत्ती तितक्याच सहजतेने पाहायला मिळेल याची सक्ती करावी. प्रताधिकार संपलेल्या चित्रपटांना तर ही अट अधिक कडकपणे लावायला हवी, कारण त्यांच्या वतीने तक्रार करायला कोणी उरलेले नसते.

मराठी चित्रपटसृष्टीने या बाबतीत एक विचार करायला लावणारी गोष्ट केली आहे. सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’ नोव्हेंबर २०२३ मध्ये आला तो कृष्णधवल. रंगांची सारी साधने हाताशी असताना ती बाजूला ठेवण्यात आली. हा निर्णय कोणाला आवडो अथवा न आवडो, तो दिग्दर्शकाचा होता आणि तो २०२३ चा होता. पन्नास वर्षांनी कोणी त्यात रंग भरले तर पाहणाऱ्याला ही निवड कळणारच नाही. त्या चित्रपटातही आपल्या नजरेला न दिसणाऱ्या आपल्या काळाच्या खुणा असणारच. आपले केस आपल्याला नैसर्गिक वाटतात. ते ‘फॅशन’ होते हे नातवंडांना कळते.

म्हणून घरबसल्या चुका शोधणाऱ्यांनी शोधत राहावे, कारण त्यांच्यासारखा बारकाईने पाहणारा प्रेक्षक जुन्या चित्रपटांना दुसरा मिळायचा नाही. फक्त प्रत्येक विसंगतीला आणखी एक प्रश्न विचारावा: ही अशी का आहे? उत्तरात कधी दडलेला मायक्रोफोन सापडेल, कधी मिशी उतरवायला तयार नसलेला नट, कधी कवीची हातचलाखी, तर कधी केस न उतरवणारी एक स्त्री. हे उत्तर शोधायचे तर आधी ती चूक जागेवर असली पाहिजे. पालगडच्या एका मुलाच्या वाढलेल्या केसांवरून घरात वाद झाला आणि त्याने तो लिहून ठेवला, म्हणून शंभर वर्षांनंतरही आपल्याला तो काळ समजतो. लिहिताना त्याने ते केस कापून टाकले असते, तर आपल्या हाती एक आज्ञाधारक मुलगा लागला असता. श्याम लागला नसता.